हॅरिस : तो की ते?

शाळेच्या क्रिकेट संघात मी राखीव खेळाडू होतो. हॅरिस शील्डचे सामने असले की आझाद मैदानावर जाणे, कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून धावसंख्येची वही भरणे आणि मधल्या वेळेत पाणी घेऊन आत धावणे एवढेच माझ्या वाट्याला येई. त्या स्पर्धेत फलंदाजी करण्याची संधी मला कधीही मिळाली नाही. तरीही ते दिवस लख्ख आठवतात, आणि त्यांतही आमच्या खेळाच्या सरांचे एक ठरलेले भाषण आठवते. मोसमातील पहिल्या सामन्याआधी ते आम्हां सर्वांना गोलात उभे करीत आणि सांगत, "हॅरिससाहेब इंग्लंडचे कप्तान होते. ते गव्हर्नर होऊन मुंबईत आले नसते, तर आज तुम्ही इथे उभे नसता. त्यांनी आपल्याला क्रिकेट दिलं. तेव्हा त्यांच्या नावाला बट्टा लागेल असं वागू नका."

हे वाक्य मी जन्मभर सांभाळून ठेवले. पुढे साहित्याचा शिक्षक झालो, 'चरित्र आणि आत्मचरित्र' हा अभ्यासविषय शिकवू लागलो, तेव्हा एका माणसामुळे एखाद्या शहराचा सांस्कृतिक इतिहास कसा बदलतो याचे उदाहरण म्हणून लॉर्ड हॅरिसची गोष्ट वर्गात सांगू लागलो. काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या विद्यार्थ्यांना एक लघुचरित्र लिहायला दिले. एका विद्यार्थिनीने हॅरिसवरच लिहिले आणि आरंभापासून अखेरपर्यंत 'तो' असे लिहिले. 'तो आला', 'त्याने अर्ज फेटाळला', 'त्याला वाटले'. मी लाल शाईने सगळीकडे आदरार्थी बहुवचन करून वही परत दिली. ती वही घेऊन ती माझ्याकडे आली आणि शांतपणे म्हणाली, "सर, 'ते' का म्हणायचं, हे तुम्ही सांगितलेलं नाही."

इंग्रजीत हा प्रश्न उद्भवतच नाही. त्या भाषेतील चरित्रकार एकाच सर्वनामावर राजापासून चोरापर्यंत सर्वांची बोळवण करू शकतो. मराठी चरित्रकाराला मात्र पहिल्याच वाक्यात निवाडा द्यावा लागतो. त्यातही गंमत अशी, की आपला 'तो' दुहेरी आहे. विठोबा 'तो' असतो, सचिनही 'तोच' असतो. तिथे एकवचन हे जवळिकीचे असते. ज्याला मान द्यायचा नाही तोही 'तो'च. मी हॅरिसला 'ते' म्हणत होतो ते केवळ सरांचे ऐकून. म्हणून मी वाचायला बसलो. त्या वाचनातून हाती आलेला माणूस या लेखात मांडतो आहे. त्याला मी 'तो' म्हणणार आहे. का, ते पुढे येईल.

जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस हा ३ फेब्रुवारी १८५१ रोजी जन्मला, तो इंग्लंडमध्ये नव्हे तर वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर. त्याचे वडील तेव्हा तिथले गव्हर्नर होते. पुढे ते मद्रासचे गव्हर्नर झाले आणि १८५७ चा उठाव झाला तेव्हा त्याच पदावर होते. पणजोबा म्हणजे जनरल हॅरिस. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत टिपू सुलतानाचा पाडाव करणाऱ्या इंग्रजी फौजेचा सेनापती तोच, आणि घराण्याची सरदारकी त्याच विजयातून आलेली. आपल्या चरित्रनायकाच्या घरात हिंदुस्थान असा तीन पिढ्यांचा मुरलेला होता. १८७२ मध्ये वडील वारल्यावर वयाच्या एकविसाव्या वर्षी तो चौथा लॉर्ड हॅरिस झाला.

क्रिकेट मात्र त्याने स्वतः कमावले. ईटन, ऑक्सफर्ड आणि केंट परगण्याचा संघ अशी त्याची वाटचाल आहे. ईटनच्या काळातील एक प्रसंग बोलका आहे. १८७० साली लॉर्ड्सवर हॅरोविरुद्धच्या सामन्यात त्याने चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीज सोडून पुढे सरकणाऱ्या बिनटोल्याच्या फलंदाजाला धावबाद केले. नियमात ते बसत होते, पण प्रेक्षकांना रुचले नाही. पुढे १९४७ मध्ये सिडनीला विनू मांकडने बिल ब्राऊनला असेच बाद केले आणि त्या कृतीला जगभर मांकडचे नाव चिकटले. त्याआधी सत्त्याहत्तर वर्षे तेच करणाऱ्या लॉर्डचे नाव कोणी त्याला दिले नाही. नाव कशाला चिकटावे आणि कशाला चिकटू नये, हा प्रश्न या चरित्रात वारंवार भेटतो.

इंग्लंडच्या कसोटी कर्णधारांच्या यादीत त्याचे नाव दुसरे आहे. पहिला जेम्स लिलीव्हाईट, १८७७ चा, हा व्यावसायिक खेळाडू होता. १८७८-७९ च्या हिवाळ्यात हॅरिस जो संघ घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला त्यात दोनच व्यावसायिक होते, युलिएट आणि एमेट. बाकी सारे हौशी, म्हणजे खेळावर पोट नसलेले. जानेवारी १८७९ मध्ये मेलबर्नला कसोटी झाली. स्पॉफर्थने १३ बळी घेतले, त्यांत कसोटी इतिहासातील पहिली हॅटट्रिक साधली आणि इंग्लंड दहा गडी राखून हरले. 

खरे नाट्य पुढच्या महिन्यात सिडनीला घडले. ८ फेब्रुवारी रोजी न्यू साऊथ वेल्सविरुद्धच्या सामन्यात पंच जॉर्ज कूल्टहार्डने स्थानिकांच्या लाडक्या बिली मर्डोकला धावबाद दिले. कूल्टहार्ड हा शेजारच्या व्हिक्टोरिया वसाहतीतला, आणि त्याला हॅरिसनेच सोबत आणलेले. सुमारे दोन हजार लोक मैदानात घुसले. पंचाला वाचवायला हॅरिस पुढे झाला, तेव्हा एकाने त्याच्या अंगावर काठीचा फटका मारला. न्यू साऊथ वेल्सच्या कर्णधाराने पंच बदलण्याची मागणी केली. हॅरिसने ती मानली नाही. गर्दी पुन्हा पुन्हा आत शिरत होती आणि दिवस संपेपर्यंत तो मैदानातून हलला नाही. दुसरा पंच होता एडमंड बार्टन, जो १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा पुढचा नियोजित सामना हॅरिसने रद्द केला. त्याने मित्राला लिहिलेले संतापाचे पत्र इंग्लंडच्या वृत्तपत्रांत छापून आले आणि दोन्ही देशांत कटुता माजली.

इथपर्यंत वाचून मला तो हट्टी, मानी सरदार वाटला. पण पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला आला आणि मोठे संघ त्याच्याशी खेळायला कचरू लागले. तेव्हा सरे संघाचा सचिव चार्ल्स ऑलकॉक याच्या आग्रहावरून त्याच हॅरिसने राग गिळला आणि ओव्हलवर इंग्लंडचे नेतृत्व केले. इंग्लंडच्या भूमीवरील ती पहिली कसोटी. ग्रेस घराण्यातील तिघे भाऊ त्यात एकत्र खेळले, डब्ल्यू. जी. ग्रेसने १५२ धावा केल्या, सिडनीच्या दंगलीचे निमित्त ठरलेल्या मर्डोकने नाबाद १५३, आणि हॅरिसने स्वतः ५२. इंग्लंड पाच गडी राखून जिंकले. तो 'नाही' म्हणाला असता, तर इंग्लंडमधील कसोटी क्रिकेटचा आरंभ लांबणीवर पडला असता.

१८८४ मध्ये त्याने आणखी दोन कसोटींत नेतृत्व केले. लॉर्ड्सवरील पहिलावहिला कसोटी सामना त्याने डावाने जिंकला. ओव्हलवर मर्डोकने कसोटीतील पहिले द्विशतक ठोकले, तेव्हा वैतागलेल्या हॅरिसने अकराच्या अकरा जणांना गोलंदाजी दिली. यष्टिरक्षक लिटल्टनने पॅड बांधलेल्या अवस्थेतच हाताखालून चेंडू टाकून १९ धावांत ४ बळी घेतले. एकूण चार कसोटी, चारही कर्णधार म्हणून. दोन जिंकल्या, एक हरली, एक अनिर्णित. आकडे लहान आहेत, पण माणूस त्या आकड्यांत मावत नाही. चेंडू फेकणाऱ्या गोलंदाजांविरुद्ध त्याने मोहीम उघडली आणि १८८५ मध्ये लँकेशायरविरुद्धचा केंटचा परतीचा सामनाच रद्द केला. केंटच्या व्यावसायिक खेळाडूंच्या हिताकडे त्याने लक्ष दिले. नियम सर्वांना सारखा, ही त्याची श्रद्धा होती, आणि ती मैदानापुरती खरी होती. या हॅरिसला आपल्याकडच्या रीतीप्रमाणे जवळिकीने 'तो' म्हणायला मला काहीच अडचण नाही.

१८९० मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि इथून माझ्या सरांची गोष्ट सुरू होते. रामचंद्र गुहा यांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' या २००२ मधील ग्रंथात तिची दुसरी बाजू आहे. माझ्या विद्यार्थिनीने ती तिथेच वाचली होती. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर तेव्हा शेकडो हिंदी मुले आणि तरुण क्रिकेट खेळत. याच मैदानाच्या एका तुकड्यावर युरोपीय लोकांच्या बॉम्बे जिमखान्याची राखीव, हिरवीगार खेळपट्टी होती. ती खराब होऊ नये म्हणून मूठभर गोरे सरदार आपला पोलो हिंदी लोकांच्या भागात येऊन खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई आणि मग त्या खड्ड्यांत क्रिकेट अशक्य होई. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने १८८१ पासून या अन्यायाविरुद्ध अर्जांची मालिका चालवली. सरकार कधी थोडे नमे, पुन्हा घोडे येत.

अशा वेळी इंग्लंडचा माजी कर्णधारच गव्हर्नर होऊन आला. क्रिकेटपटूंना केवढी आशा वाटली असेल! १८९० मध्ये हजाराहून अधिक जणांच्या सह्यांचा अर्ज त्याच्यासमोर गेला : पोलो दुसरीकडे हलवावा, म्हणजे आम्हांला क्रिकेट खेळता येईल. हॅरिसने तो अर्ज फेटाळला. क्रिकेट आणि पोलो यांत क्रिकेटच्या या भक्ताने पोलोच्या बाजूने कौल दिला, कारण क्रिकेट खेळणारे काळे होते आणि पोलो खेळणारे गोरे. मर्डोकला बाद देणाऱ्या पंचाच्या बाजूने दिवसभर ठाण मांडणारा, नियम सर्वांना सारखा मानणारा तो माणूस या अर्जापाशी आल्यावर कुठे गेला, हे मला कितीतरी दिवस उमजेना. शापूरजींनी हा सारा लढा पुस्तकरूपाने लिहून १८९७ मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय क्रिकेटवरील आरंभीच्या या पुस्तकात अर्धा भाग खेळाचा आणि अर्धा अर्जांचा आहे, ही गोष्ट आपणा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याकडच्या क्रिकेटवाङ्मयाच्या उगमाशी अर्ज हा वाङ्मयप्रकार आहे.

हॅरिसने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येत नाही. त्याच्या कारकिर्दीत समुद्रालगतच्या जमिनीवर मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. पण त्यासंबंधीच्या त्याच्या टिपणांत औदार्यापेक्षा नाइलाज अधिक दिसतो. १८९२ मध्ये युरोपीय विरुद्ध पारशी हे 'प्रेसिडेन्सी' सामने सुरू झाले, आणि त्यांतूनच पुढे १९०७ ची तिरंगी, १९१२ ची चौरंगी आणि १९३७ ची पंचरंगी स्पर्धा वाढत गेली. मैदानाची धर्मानुसार वाटणीही त्याच मुळातून वाढली आणि १९४६ पर्यंत टिकली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल उसळली, तेव्हा गव्हर्नर पुण्याला गणेशखिंडीत होता. तो मुंबईत परतला नवव्या दिवशी, आणि तोही मुख्यतः एका क्रिकेट सामन्यासाठी, अशी नोंद आहे. 'केसरी'तून टिळकांनी सरकारवर तेव्हा जी टीका केली तिच्याशी परिचित असलेल्या वाचकांना त्या दिवसांचे ताणतणाव वेगळे सांगायला नकोत.

त्याच सुमारास, त्याच पुण्यात, युरोपीय जिमखान्यावर एक दलित तरुण महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटीत होता, जाळी बांधीत होता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत होता. तो पालवणकर बाळू. पुढे हिंदूंच्या संघाचा तो सर्वश्रेष्ठ गोलंदाज झाला. त्याला फलंदाजी करू द्यावी असे साहेबांना वाटत नसे. चहा पेल्याऐवजी वेगळ्या भांड्यात द्यावा असे त्याच्याच संघातील सवर्णांना वाटे. क्रिकेट 'दिले' कोणी, या प्रश्नाचे उत्तर देताना आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे, हे बाळूच्या आठवणीने मला बजावले.

हॅरिसने एक मत लिहून ठेवले आहे, ते मी विसरू शकत नाही. धीराच्या बाबतीत हिंदी माणूस इंग्रजाची बरोबरी कधीच करू शकणार नाही, असे त्याला वाटे. ज्या शहरात त्याने पाच वर्षे राज्य केले त्या शहराने पुढे विजय मर्चंट घडवला, १९८७ मध्ये कसोटीत सर्वप्रथम दहा हजार धावा पूर्ण करणारा सुनील गावसकर घडवला, आणि 'खडूस' हे विशेषण अभिमानाने मिरवणारी फलंदाजीची एक परंपराच उभी केली. या परंपरेची पहिली पायरी म्हणजे शाळाशाळांतील ती स्पर्धा, जिच्यावर नाव आहे हॅरिसचे. फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली ती याच ढालीसाठी, आझाद मैदानावर. म्हणजे ज्या एस्प्लनेडसाठी हजार जणांनी सह्या केल्या त्याच्याच एका तुकड्यावर. धीर म्हणजे काय, हे त्या दिवशी त्या बिचाऱ्या गोलंदाजांना विचारायला हवे होते.

१८९५ मध्ये तो परत गेला. एमसीसीचा अध्यक्ष झाला, १९१६ पासून मरेपर्यंत खजिनदार राहिला, १९२१ मध्ये 'अ फ्यू शॉर्ट रन्स' हे आत्मकथन लिहिले. म्हातारपणीही नियम सुटला नाही. १९२२ मध्ये वॉली हॅमंड हा तरुण खेळाडू ग्लॉस्टरशायरकडून खेळत होता. त्याचा जन्म केंटमधला, म्हणून हॅरिसने हरकत घेतली आणि त्या मुलाचे खेळणे थांबले. जन्मस्थानाचा असा हिशेब मांडणारा हा गृहस्थ स्वतः त्रिनिदादला जन्मला होता आणि केंटकडून खेळला होता तो घराण्याच्या वाड्याच्या आधारावर. २४ मार्च १९३२ रोजी, एक्याऐंशी वर्षांचा होऊन, त्याच वाड्यात तो वारला. तीन महिन्यांनी, २५ जूनला, भारत लॉर्ड्सवर आपला पहिला कसोटी सामना खेळायला उतरला. कर्णधार सी. के. नायडू, आणि संघात हिंदू, मुसलमान, पारशी एकत्र. समोर इंग्लंडचा कर्णधार होता डग्लस जार्डिन. तो जन्मला मुंबईत.

हे सारे वाचून झाल्यावर मी विद्यार्थिनीची वही मागवली आणि माझ्या दुरुस्त्या खोडल्या. पण तिला एक गोष्ट सांगितली. तिच्या 'तो'मध्ये फक्त गव्हर्नर होता. सिडनीला काठी खाऊनही पंचासमोरून न हटलेला कर्णधार त्यात नव्हता. माझ्या 'ते'मध्ये तर माणूसच नव्हता, नुसती ढाल होती. जवळिकीचा 'तो' आणि नकाराचा 'तो' एकाच अक्षरात मावतात, ही आपल्या भाषेची सोय आहे. चरित्र लिहिणाऱ्याने तिचा लाभ घ्यावा आणि दोहोंपैकी एकावर घाईने थांबू नये, असे मला वाटते.

राहिले सर. त्यांना सांगावे की नाही, याचा बरेच दिवस धीर होईना. ते आता थकले आहेत, डोळ्यांनी कमी दिसते. गेल्या दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा शेवटी सांगितले. अर्ज, घोडे, सह्या, सगळे. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी तुम्हांला चाळीस वर्षं खोटं सांगितलं." मी म्हणालो, "सर, तुम्हांलाही कुणीतरी सांगितलं होतं." त्यावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मग मैदान मागितलं कुणी?" मी म्हणालो, "शापूरजी सोराबजी." त्यांनी मला ते नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहायला लावले आणि कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला.

"आणि बाकीचे हजार?"

मी गप्प राहिलो. सरांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "ते शापूरजी आधी ठाऊक असते, तर त्यांचं नाव सांगितलं असतं."

'ते' हा शब्द त्यांनी विचार करून वापरला नव्हता.